पायाळूचा पाय

१२ ऑगस्ट १९५६, रविवार

आज नदीच्या घाटावरचा झिंगू डोंगेवाला कंबर धरून माझ्या लाकडाच्या टालावर आला. डोंगा ओढताना उसण भरली होती. मी सागाचे ओंडके ठोकून पाहत होतो. हा तिथंच भुशावर पालथा पडला.

"लाव ना जी भाऊ पाय."

मी डावा पाय त्याच्या कमरेवरून फिरवला आणि शेवटी हलकी लाथ दिली. उठला, पुढं-मागं वाकून पाहिलं, म्हणाला, "गेली गा." जाताना पानात बांधलेल्या मासोळ्या ठेवून गेला.

मी पायाळू. पाय आधी, डोकं मागून, असा जन्मलेला. चामोर्शीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठेकेदार मी नंतर झालो, पायाळू आधी. बाप गेल्यावर माय मला कडेवर घेऊन या गावात आली, तेव्हा आमच्या चुलीवर पहिला तांदूळ शिजला तो लोकांच्या दुखऱ्या कमरांमुळे. पायाळूला वीज ओढते म्हणतात. आभाळ गरजलं की लोक आपल्या पायाळू पोरांना घोंगडीखाली दडवतात. माझी माय मात्र मला खुशाल पावसात मोहाच्या झाडाखाली फिरू द्यायची. भागीरथाबाईसारखी छातीची बाई मी दुसरी पाहिली नाही.

दुपारी माझी बायको रंभा आडवी झाली होती. तिच्या पोटाला कान लावला. माझ्या कानाची ख्याती आहे, ओंडका ठोकला की आतून पोकळ की भरीव ते सांगतो. आज बाळाचं काळीज ऐकलं. बेंबीच्या वर, पार बरगडीजवळ. टुकटुक टुकटुक, पावसाळी बेडकासारखं घाईत.

"पोरगं माडीवर राहायला गेलंय," मी म्हणालो.

"तिथीच काहीतरी टणक लागते," रंभा म्हणाली. "डोस्क्यासारखं."

"ठेकेदाराचं पोर आहे. बूडसुद्धा टणकच असणार."

हसली. पण हात तिथंच ठेवून राहिली.

१९ ऑगस्ट

नीलाबाईला बोलावलं होतं. गावाबाहेरच्या टोल्यावरची, गोंडांच्या वस्तीतली सुईण. या भागातली अर्धी पोरं तिच्या हातची. तेल लावून तिनं रंभाचं पोट चाचपलं, डोळे मिटून, जणू अंधाऱ्या खोलीत काही शोधते आहे.

"मुंडकं वर हाये," म्हणाली. "बूड खाली."

मी मांडीवर थाप मारली. "म्हणजे पायाळू! बापावर गेलं."

माय सुपात तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. ती उठून गाय बांधायला गेली. गाय बांधलेलीच होती. म्हातारपणी विसरायला होतं.

नीलाबाई म्हणाली, "हासू नको ठेकेदार. असे लेकरं मी आणले हायेत. सगळे नाई रडले."

"किती नाई रडले?" रंभानं विचारलं.

नीलाबाईनं हात धुवायला पाणी मागितलं. हात धुऊन झाल्यावर म्हणाली, "पहिलटकरीण हाये, पोट घट्ट हाये. मी फिरवाले नाई जात. चांद्याले ने. तिथी बायांचा दवाखाना हाये. कळा लागाच्या आधी ने."

मला वाटलं, उद्या काही झालं तर दोष नको म्हणून अंग काढून घेते आहे. माणूस धंद्यात मुरला की दुसऱ्याच्या बोलण्यात आधी हेच शोधतो. पण जेवण गेलं नाही, हेही लिहून ठेवतो.

२४ ऑगस्ट, चांदा

लिलावासाठी आलो होतो. जिकडेतिकडे एकच बोलणं, आपला जिल्हा आता मुंबई राज्याला जोडणार. कारकून म्हणतात, टपाल कुठे पाठवायचं ते विचारून राह्यलो. मी हो-हो केलं आणि दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चष्मेवाल्या, घाईच्या. मी माझा मुद्दा मांडला. म्हटलं, "बाई, रानातून ओंडका ओढतो तेव्हा आम्ही बुंधा आधी घेतो, शेंडा मागे. बुंधा निघाला की शेंडा आपोआप येतो. मग पोराचं बूड आधी आलं तर काय बिघडलं?"

मला वाटलं रागावतील. त्यांनी उलट मलाच विचारलं.

"तुम्ही बुंधा आधी का घेता?"

"जाड असतो म्हणून. तो जिथून निघाला तिथून बाकीचं निघतंच."

"बाळाचं जाड टोक कोणतं?"

दोन झाडांच्या बेचक्यात अडकलेले किती ओंडके मी पाहिले आहेत. शेंडा पार निघालेला, आणि बुंधा अडकलेला. मग ना पुढे, ना मागे. बैल गुडघ्यावर येतात.

बाईंनी समजावून सांगितलं. आधी बाहेरून पोटावर दाब देऊन बाळ फिरवून पाहायचं. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर पायाकडून सोडवायचं, त्याची हातोटी असते. तेही होईना तर पोट कापायचं, आणि कापण्यातही जिवाला धोका आहेच. "पण यातलं काहीही करायचं तर ती इथं हवी. कळा सुरू झाल्यावर बैलगाडी आणि डोंग्यातून निघालात तर माझा उपयोग नाही."

त्यांच्या टेबलावर काळजाचे ठोके ऐकायची लाकडी नळी होती. हातात घेऊन पाहिली. शिसवी. मी सांगितलं, मी नुसत्या कानानं ऐकलं, बेंबीच्या वर.

"ऐकलंत बरोबर," बाई म्हणाल्या. "अर्थ तेवढा चुकीचा लावलात."

२७ ऑगस्ट

मायजवळ विषय काढला. "रंभाले चांद्याले नेतो."

"नाई."

"माय, डॉक्टरीण म्हणते..."

"पोटुशी बाईनं नदी ओलांडू नाई. सातव्यानंतर तर नाईच नाई. एवढंबी ठाव नाई का तुले?"

ही रीत सगळ्या गावाची आहे, पण बाकीच्या बाबतीत माय रीत वाकवते. विटाळशीला विहिरीवर जाऊ देते. गोंडाच्या घरी जेवते. एका नदीपाशीच अशी का अडते कळत नाही. मी डॉक्टरणीलाच इकडे आणावं का असा विचार केला. मोटार पाठवीन, डोंगा पाठवीन. पण तिच्याकडे तिथं दारात बाया बसलेल्या मी पाहिल्या आहेत. ती येणार नाही, आणि येऊही नये.

रंभा भिंतीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "मले कोणी इचारूनच नाई राह्यलं."

"बरं, तूच सांग."

"मले जगाचं हाये, मराचं नाई," म्हणाली आणि आत गेली.

मी कधी एका गाडीवानावर विसंबत नाही. तिघांना सांगून ठेवतो, एक तरी येतो. आताही तेच केलं. झिंगूला म्हटलं डोंगा तयार ठेव. नीलाबाईला म्हटलं टोला सोडून जाऊ नको. देवीला बोकड बोललो. तिन्हीकडे बंदोबस्त झाला. तरी छातीवर ओंडका ठेवल्यासारखं वाटतं.

३१ ऑगस्ट

वर भंडाऱ्याकडे जोराचा पाऊस आहे म्हणतात. वैनगंगा रोज चढते. झिंगू म्हणाला, "अजून जमते भाऊ. पण ते मले इचारून नाई चढत."

रंभाला सारवायचं वेड लागलं आहे. सकाळ-दुपार, सारवलेलीच ओसरी पुन्हा सारवते. तीही कशी, तर गुडघ्यावर, डोकं पार जमिनीला टेकवून, कंबर वर करून. मी म्हटलं, "पोळा आहे ठाऊक आहे, पण राजा यायचा नाही आपल्याकडे." नीलाबाई पायरीवर बसून पाहत असते आणि म्हणते, "सारवू दे. बरं सारवते." या अवस्थेत बाईला वाकवून ही वर कौतुक करते.

संध्याकाळी रंभानं स्वतःहून बोलावलं. "कान लावा. कुठी ऐकू येते सांगा."

"तिथंच. बरगडीजवळ. जोरदार आहे."

तिनं तोंड फिरवलं. थकली असेल.

२ सप्टेंबर

गावात जो तो मत देऊन राह्यला. शाळामास्तर म्हणतात न्या. पाटील म्हणतो दवाखान्यात बाईला कापून शिवतात, ती पुन्हा धान लावायला वाकत नाही. न्हावी म्हणाला, "भाऊ, तुमाले काय भेव? तुमी सोता पायाळू. तुमची माय काय चांद्याले गेली होती?"

हे मात्र मनात बसलं. खरंच की. मायला ना डॉक्टरीण होती, ना नळी. मी आलो, धडधाकट आलो, सागाच्या सोटासारखा. मायही जिवंत आहे. डॉक्टर लोक दहातल्या वाईट दोनच गोष्टी सांगतात, त्यांच्याकडे वाईटच येतं म्हणून. घरी माझंच उदाहरण आहे आणि मी चांद्याला अक्कल विचारत फिरतो.

आज जेवण गेलं.

४ सप्टेंबर, पोळा

आजचं नीट लिहितो.

दुपारी बैल सजवून मी ओसरीत सांगून टाकलं, रंभा कुठं जाणार नाही. नीलाबाई करील. "मी पायाळू आलो तसं हेही येईल. मायनं जे निभावलं ते रंभाही निभावेल." रंभानं मान हलवली. माय उठून आत गेली. मला वाटलं, तिच्या मनासारखं झालं.

बैलांना घेऊन पोळा भरतो त्या तोरणाकडे निघालो, आणि शिंगांना लावायचे गोंडे विसरले म्हणून परतलो. आमची आतली भिंत कुडाची. पलीकडे माय बोलत होती. हळू बोलत होती, पण कान माझे आहेत.

"त्याच्या भरोशावर नको राहू रंभा. तो पायाळू नाई."

मी गोंडे हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

"पायाळू त्याच्या आधीचा होता. मोठा. आमी तवा नदीच्या तिकडे राहत होतो. घरची सुईण म्हणे होते, होते. दोन दिस होते होते म्हणत राह्यली. मंग इकडच्या काठावर कोणी जाणती होती, तिच्याकडं मले घेऊन निघाले. पाय आले, कंबर आली, हात आले. मधात नदी. डोस्कं नाई आलं. लेकरू माह्या हातात, आन् डोस्कं माह्या पोटात. त्याचे पाय हालत होते वो. मंग नाई हालले."

रंभाच्या बांगड्या वाजल्या. माय पुढं बोलत राहिली.

"सोमा त्याच्या मागून झाला. सरळ. डोस्क्यानं. मी रांडमुंड होऊन या गावात आली तवा एका म्हातारीची कंबर धरली होती. तिनं इचारलं, तुया पोरगा पायाळू हाये का? घरात दाणा नोता. मी म्हणलं, हाये. मी एक गोष्ट बोलली, ते म्हातारी तांदूळ देऊन गेली. मंग दुसरा आला. मंग मले ते मागं घेता नाई आलं."

पुढं म्हणाली, "आजवर मी नदीले दोष देत आली. नदीनं काय केलं? उशीर आमी केला."

मग आवाज जरा मोठा करून, "सोमा, तुये कान मले ठाव हायेत. आत ये."

आत गेलो. तिच्याकडे पाहवेना. म्हणालो, "मग त्यांच्या कमरा बऱ्या कशा व्हायच्या?"

"मले काय ठाव? तुले लाथ माराची हौस होती, त्याईले खायाची."

रंभाला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. मायनं तिला जवळ घेतलं आणि मला म्हणाली, "उद्या सकाळी झिंगूले सांग. मीबी येतो."

आता ध्यानात येतं. मोहाखाली मला विजेत का फिरू द्यायची ते. छातीची बाई म्हणे.

५ सप्टेंबर, तान्हा पोळा

पोरं लाकडी बैल ओढत फिरत होती तेव्हा आम्ही घाटावर पोहोचलो. नदी मातकट, फुगलेली, मधूनच झाडं वाहत येणारी. झिंगूनं दोन डोंगे एकत्र बांधले होते. नीलाबाईही आली. टोल्यावरच्या आपल्या वाघोबा देवाला विचारून आले म्हणाली. त्यानं काय सांगितलं विचारलं तर म्हणाली, "तो काय सांगते? मीच सांगून आली."

माय पाण्यात गुडघाभर उतरली. खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळदकुंकू. तिनं नदीची ओटी भरली. आयुष्यभर जिच्यावर रुसली तिची. मी जवळच होतो. म्हणाली, "एक ठेवून घेतलास. हा नाई देत. जाऊ दे आमाले."

मधल्या धारेत डोंगा गरकन फिरला. झिंगूनं बांबू टेकवला आणि सगळ्या अंगानं रेटला. त्याची कंबर कडकन वाजली, मी ऐकली. रंभा नीलाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून आभाळ पाहत होती. मायनं डोळे मिटून रंभाचा पाय धरला होता, घट्ट, पलीकडचा काठ लागेपर्यंत. उतरल्यावर पायावर बोटांचे वळ होते.

पलीकडून मोटारीनं मूल गावापर्यंत, तिथून छोट्या रेल्वेगाडीनं चांदा. नीलाबाई पलीकडच्या काठावरूनच परतली होती. रंभाच्या कानात काहीतरी सांगून गेली. मी ऐकलं नाही. मुद्दाम नाही ऐकलं.

९ सप्टेंबर, चांदा

आज बाळ फिरवून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी मला दारात उभं राहू दिलं. एका हातानं डोकं, दुसऱ्या हातानं बूड, हळूहळू रेटत नेतात, जसा जड ओंडका दोघं जण पहारीनं वळवतात. अर्ध्यावर आलं. पोट आडवं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं. मग नळी लावली, ठोके मंद झाले म्हणाल्या, आणि सोडून दिलं. बाळ गपकन पुन्हा आपल्या जागी.

"हट्टी आहे," बाई म्हणाल्या. "पुन्हा नाही करणार. नाळ आवळली तर भलतंच होईल. आता वाट पाहू."

रंभानं तेव्हा सांगितलं की सारवणं नीलाबाईचं होतं. तसं वाकलं की कधी कधी बाळ पालटतं म्हणून. आणि मी राजा यायचा नाही म्हणत होतो. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुमी पायाळूच्या खुशीत होते."

१३ सप्टेंबर

दवाखान्याशेजारी खोली घेतली आहे. माय भात शिजवते. आम्ही दोघं फारसं बोलत नाही. आज तिला विचारलं, माझ्या आधीच्या त्या पोराचं नाव काय ठेवलं होतं?

"नाव ठेवाले डोस्कं पाहा लागते," म्हणाली.

मग भात करपला.

१७ सप्टेंबर

सकाळपासून कळा. आम्ही व्हरांड्यात. आतलं सगळं मला ऐकू येत होतं. भांडी, पावलं, रंभाचा दात आवळलेला आवाज. दुपार झाली. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाय आले. कोणी ओढायचं नाही. हात लावू नका." मग, "खांदे." मग, "रंभा, आता जोर नको. मी सांगीन तेव्हा."

आणि मग काहीच नाही.

मी कानांत बोटं घातली. आजवर कधी घातली नव्हती. मायनं मनगट धरून बोटं बाहेर काढली.

"आईक," म्हणाली. "पळू नको. मी नोती पळाली."

आत कोणीतरी पळालं. पाण्याचा आवाज. चापटी. पुन्हा चापटी. मायची नखं माझ्या मनगटात रुतली. मग नव्या गाडीचं चाक पहिल्यांदा फिरताना करकरतं तसा बारीक, चिडका आवाज आला. थांबला. मग मोठ्यानं आला.

डॉक्टरीणबाई घामानं निथळत बाहेर आल्या. "मुलगी. डोकं जरा अडलं होतं. निळी पडली होती, आता बरी आहे. आईला टाके आहेत, ताप येतो का पाहू."

मी त्यांना काही तरी म्हणालो असेन. काय ते आठवत नाही. माय जमिनीवर बसली होती, पाय पसरून, जणू तीच बाळंतीण.

२१ सप्टेंबर

रंभाला ताप भरला होता. आज उतरला. तोवर लिहायला हात धजला नाही.

७ ऑक्टोबर

घरी आलो. नदी उतरली आहे, वाळू उघडी पडली आहे. पण हस्ताचं, हत्तीच्या नक्षत्राचं आभाळ पलीकडे काळं होत होतं.

झिंगू काठावर बांबूला टेकून उभा होता, वाकडा. त्या दिवशीची कंबर अजून धरलेली. आम्हाला पार नेऊन उतरवलं आणि लगेच ओल्या वाळूवर पालथा पडला.

"भाऊ, तुमच्याचसाठी ठेवून राह्यलो होतो जी हे दुखणं. लावा पाय."

मी चप्पल काढली नाही. मायकडे पाहिलं. तिनंही माझ्याकडे पाहिलं. झिंगूला काय सांगायचं? आणि गावाला? मायच्या एका शब्दावरच तर मी मोठा झालो.

मायनं रंभाच्या हातातून पोर घेतलं. दुपट्यातून तिचा एक पाय बाहेर काढला, चिंचोक्याएवढी बोटं. "झिंग्या, त्याचा पाय आता जुना झाला. झिजला. हिचा घे. हे कालपरवाची हाये, ताजी."

"एवढासाक पाय?" झिंगू मान वळवून म्हणाला. "काय होते त्यानं?"

"गप पड."

तिनं पोरीचा पाय त्याच्या कमरेवरून फिरवला. पोरीनं आपल्या मनानं एक लाथ झाडली. झिंगू कण्हत गुडघ्यांवर आला. मग उठला, डावीकडे वाकला, उजवीकडे वाकला.

"भाऊ, राग नोका येऊ देऊ. बापापेक्षा लेकीचा गुण जास्त हाये."

"खरं आहे," मी म्हणालो.

रंभा हसली. तेवढ्यात मार्कंड्याच्या देवळाच्या बाजूनं आभाळ गरजलं आणि पहिले थेंब आले. मायनं झटकन पोरीला पदराखाली घेतलं, वरून घोंगडी ओढली आणि म्हातारी बाई अशी पळत सुटली काठावरच्या आमच्या बैलगाडीच्या छपराकडे की आम्ही मागेच राहिलो. आत बसल्यावर तिनं पोरीला छातीशी गच्च दाबून धरलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी उघड्यावर, भिजत, बैल जुंपत होतो.

"तू ये सावकाश," म्हणाली.